भाचा म्हणतो, इंग्लंडच्या नॉन-लीगमध्ये खेळायला जातो. चार लाख द्यायचे का?

लोकोशेडवाला, भुसावळ

राम राम मंडळी. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतोय. क्रिकेटचं असतं तर चहाच्या टपरीवरच दहा सल्लागार मिळाले असते.

माझा भाचा, ताईचा धाकटा, वय २०. घर फैजपूरकडे. आयटीआय केलंय, फिटर. सध्या चुलत्यासोबत केळीच्या कटाईवर जातो. पहाटे निघतो, दुपारपर्यंत डोक्यावर घड वाहतो आणि चार वाजता बूट गळ्यात अडकवून मोटारसायकलवर भुसावळला येतो, कारण खेळणारी पोरं इकडे आहेत. येताना माझ्याकडे थांबून अर्धा तांब्या पाणी पितो आणि 'मामा, येतो' म्हणून सुटतो. मे महिन्यातसुद्धा. मे महिन्यातलं भुसावळ ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

सेंटर फॉरवर्ड आहे. उंची बेताची, पण कुत्रं मागे लागल्यासारखा पळतो. गेल्या हिवाळ्यात इथल्या एका स्पर्धेत ५ सामन्यांत ९ गोल केले. दोन सामने मी स्वतः ड्यूटी बदलून पाहिले. म्हणजे हे घरचं कौतुक नाही.

या पोराला इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी तोंडपाठ आहे. 'मामा, तोही कारखान्यात होता. तोही पंचविशीपर्यंत खालच्या लीगमध्येच होता.' इथपर्यंत ठीक होतं. पण दोन महिन्यांपूर्वी फोनवर एक माणूस चिकटला. त्याचं म्हणणं, इंग्लंडात नॉन-लीगचे शेकडो क्लब आहेत, तिथे स्ट्रायकर कमी पडतात, ट्रायल लावून देतो, राहणं-खाणं क्लबाकडे. चार लाख. त्यातले 'नोंदणीचे' १५ हजार पठ्ठ्याने कोणाला न विचारता भरूनही टाकले. ताई म्हणते, केळीचा पैसा आला की देऊ, कमी पडलं तर पोत मोडू. दाजी नेहमीप्रमाणे गप्प.

मला एवढंच कळून घ्यायचंय. हे नॉन-लीग काय असतं? तिथल्या स्ट्रायकरचं पोट भरतं का? आणि आपल्याकडचं पोरगं तिथे खरंच जाऊ शकतं का? ज्याला माहीत आहे त्यानेच सांगा. 'मुलांच्या स्वप्नांना पंख द्या' असलं काही लिहू नका. पंख माझ्या बहिणीच्या गळ्यातले आहेत.


दालमिल, जळगाव

चार लाख आगाऊ मागतोय म्हटल्यावर पुढचं वाचलंच नाही. माझ्या मावसभावाचे जहाजावरच्या नोकरीपायी असेच गेले. त्या माणसाला एकच विचारा, व्हिसा कोणत्या प्रकारचा, लेखी दे. मग बघा तो फोन उचलतो का.


धुळेकर, सध्या शेफील्ड

भाऊ, पैसा दिधा तं गया समजा. आता सविस्तर लिहितो. आजची मॅच रद्द झालीय. सकाळी रेफ्रीने मैदानात टाच रोवून पाहिली, पाणी वर आलं, झालं. त्यामुळे वेळ आहे.

मी मूळचा शिरपूर तालुक्यातला. चौदा वर्षं झाली इथे, सीएनसी मशीनवर काम करतो. घरापासून चालत बारा मिनिटांवर एक नॉन-लीग क्लब आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो लगेच ओळखू येईल. घरच्या मॅचला मी गेटवर तिकीट फाडतो. फुकट. बदल्यात चहा आणि कधीकधी उरलेला पाय मिळतो. पाय म्हणजे मटणाचा पाया नव्हे, आत खिमा भरलेली एक कचोरीसारखी वस्तू. आपल्या शेवभाजीची सर नाही, पण जानेवारीत हात गरम होतात.

नॉन-लीगचा हिशेब असा. वर प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली तीन थरांत प्रत्येकी २४. झाले ९२. हे 'लीग'वाले. त्र्याण्णवावा आणि त्याखालचे सगळे नॉन-लीग. पाचव्या थराला नॅशनल लीग म्हणतात, तिथले बहुतेक क्लब पूर्णवेळ पगारी. सहाव्यात मिसळ. सातव्या-आठव्यात आलात की सगळी कामधंद्याची माणसं. आमचा क्लब आठव्यात. एकट्या या आठव्या थरात आठ गट आहेत, गटात २२-२२ क्लब. म्हणजे त्या माणसाने 'शेकडो क्लब' सांगितले ते खोटं नाही. अशी माणसं निम्मं खरंच बोलतात.

आता आमच्या नऊ नंबरबद्दल, म्हणजे सेंटर फॉरवर्डबद्दल सांगतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. वय ३१. एका मोठ्या क्लबाच्या अकादमीत आठव्या वर्षी गेला, सोळाव्या वर्षी त्यांनी सोडला. तेव्हापासून दहा क्लब झाले. दहा ऐकून दचकू नका, इथे ते सहज होतं. करार नसलेल्या खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबाने सात दिवसांची नोटीस दिली की त्याच्याशी बोलणी करता येतात. गोल करणाऱ्याच्या मागे तर लोक असतातच. कोणी आठवड्याला वीस पौंड जास्त देतो म्हणून जातो, कोणी कामाचं ठिकाण बदललं म्हणून जातो. आमच्याकडे तो आला कारण मुलगी झाली आणि आधीच्या मैदानापर्यंत गाडीने दीड तास लागायचा.

सोमवार ते शुक्रवार तो लोकांच्या घरी बॉयलर बसवतो. मंगळवार-गुरुवार रात्री सराव. ज्या मंगळवारी मॅच असते त्या मंगळवारी सराव नाही, मॅच. शनिवारी तीन वाजता सामना. बाहेरगावी असेल तर सकाळी अकराला बस, रात्री आठला घरी. गटात २२ क्लब म्हणजे लीगचेच ४२ सामने, वर एफए कप आणि एफए ट्रॉफी. हे सगळं करून त्याला आठवड्याचे ११० पौंड मिळतात. आम्ही एकदा चहाच्या खिडकीपाशी उभं राहून हिशेब केला. सराव, प्रवास, सामना धरून आठवड्याला पंधरा तास. ताशी सात पौंड आणि चिल्लर. एप्रिल २०२५ मध्ये इथलं कायद्याचं किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झालं होतं. म्हणजे दुकानात फळ्यांवर डबे लावले तर जास्त मिळतील. तो हसला आणि म्हणाला, डबे लावल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी प्रेक्षक किती होते माहीत आहे? १८६. मीच मोजले होते, तिकिटाच्या अर्धुकांवरून.

ऑक्टोबरात त्याचा गुडघा गेला. बचावपटू मागून आला, पाय मातीत रुतलेला, वरचं शरीर फिरलं. लीगमधल्या क्लबात त्याच दिवशी स्कॅन झालं असतं. इथे आमच्या फिजिओने, ती आठवड्यातून दोन संध्याकाळीच येते, बर्फ बांधला आणि सरकारी इस्पितळात नंबर लावायला सांगितलं. बॉयलरचं काम गुडघ्यावर बसून करायचं असतं. सात आठवडे तेही बंद, आणि स्वतःचा धंदा म्हणजे पगारी रजा नाही. क्लबाने बारमध्ये लकी ड्रॉ काढून साडेचारशे पौंड जमवून दिले. पहिलं बक्षीस मटणाची टोपली होती, ती विरुद्ध संघाच्या खजिनदाराला लागली.

भाच्याला हे वाचून दाखवा. घाबरवायला म्हणून नको. हे आयुष्य वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. तो गडी सुखी आहे. पण ते त्याचं तिथलं आयुष्य आहे, त्यात त्याची व्हॅन आहे, त्याची आई स्टँडात बसते, त्याचे गिऱ्हाईक त्याच गावात आहेत. बाहेरून येऊन त्यात शिरायला जागा नाही. आपल्याकडे जत्रेत कुस्त्या लागतात, नारळावरून सुरू होऊन हजारापर्यंत जातात. कोणी गोरा चार लाख भरून धुळ्याला येऊन त्या नारळाच्या कुस्तीत उतरला तर आपण काय म्हणू? तसंच हे.

वार्डीचं बोलू. मी स्टॉक्सब्रिजला चार-पाच वेळा गेलोय, शेफील्डच्या वायव्येला, डोंगराच्या कुशीत. पोलाद कारखान्याचं गाव. क्लबाच्या नावातच 'स्टील्स' आहे, कारण १९८६ मध्ये कारखान्याचा संघ आणि दुसरा एक संघ एकत्र करून तो बनला. तुम्ही रेल्वेवाले, तुम्हाला हे लगेच कळेल, जशी रेल्वेची टीम तशी ती पोलादवाल्यांची. मैदानाला चांगलाच उतार. आता तिथल्या एका स्टँडला वार्डीचं नाव आहे. शेफील्ड वेन्स्डे या क्लबाने सोळाव्या वर्षी अंगाने लहान म्हणून त्याला काढलं. स्टॉक्सब्रिजला आठवड्याचे ३० पौंड. दिवसा फ्रॅक्चरवाल्यांना लागणाऱ्या आधारपट्ट्यांच्या कारखान्यात काम. २००७ ला मारामारीच्या प्रकरणात शिक्षा झाली, सहा महिने घोट्याला इलेक्ट्रॉनिक टॅग, संध्याकाळी सहाच्या आत घरात. लांबची मॅच असली की तासाभराने त्याला बदलायचे आणि तो कुंपणावरून उडी मारून आईवडिलांच्या गाडीत बसायचा.

२०१० ला हॅलिफॅक्सने १५ हजार पौंडांना घेतलं. पुढच्या वर्षी फ्लीटवुड. तिथे पाचव्या थरात ३६ सामन्यांत ३१ गोल, आणि मे २०१२ ला लेस्टरने दहा लाख पौंड मोजले. नॉन-लीगच्या खेळाडूला एवढी किंमत तोपर्यंत कोणी दिली नव्हती. पुढचं भाच्याला पाठ असेलच: २०१५ ला लागोपाठ ११ सामन्यांत गोल, २०१६ ला लीग जिंकली, तेहतिसाव्या वर्षी २३ गोल करून गोल्डन बूट, आणि २०२५ ला लेस्टर सोडताना बरोबर ५०० सामने, २०० गोल. एक गोष्ट मात्र व्हिडिओत नसते. लेस्टरच्या पहिल्या वर्षात तो इतका चाचपडत होता की फुटबॉलच सोडायच्या विचारात होता.

आणि व्हिसा. माझ्या मते इथेच विषय संपतो. परदेशी खेळाडूला इथे खेळायचं तर इंग्लिश फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते, ती गुणांवर मिळते: देशाच्या संघातून किती खेळलास, तुझ्या देशाचं फिफा क्रमांकात स्थान काय, तुझी लीग कोणत्या दर्जाची. आमच्यासारख्या अर्धवेळ क्लबाला असा खेळाडू बोलावताच येत नाही. 'विद्यार्थी व्हिसावर जा आणि खेळ' असंही तो माणूस सांगेल. विद्यार्थी व्हिसावर अर्धव्यावसायिक पातळीवर खेळायला बंदी आहे, पैसे घेतले नाहीत तरी. सुनील छेत्रीला २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने सही करून घेतलं होतं. त्याला परवाना नाकारला, कारण भारत फिफाच्या पहिल्या ७० देशांत नव्हता. छेत्रीला! त्याआधी १९९९ ला बायचुंग भुतिया बरी क्लबात आला, तेव्हा तो देशातला पहिल्या नंबरचा स्ट्रायकर, आणि बरी तिसऱ्या थरात. तीन हंगाम राहिला, लीगमध्ये गोल तीन. गंमत बघा, २०१९ ला पैशाच्या घोळात बरीलाच लीगबाहेर काढलं. आज तो क्लब नॉन-लीगमध्ये आहे.


नऊ नंबर जर्सी

धुळेकर काका, माफ करा, पण सगळे असंच बोलत बसले असते तर कोणीच काही झालं नसतं. वार्डी एकटा नाही. इयान राइट गवंडीकाम, प्लास्टर करायचा. दंड भरला नाही म्हणून जेलमध्ये पण जाऊन आला. १९८५ ला क्रिस्टल पॅलेसने घेतला तेव्हा बाविशीला आला होता. नंतर आर्सेनलला १८५ गोल. सिरिल रेजिस इलेक्ट्रिशियन होता, हेजकडून वेस्ट ब्रॉमला ५ हजार पौंडांत गेला आणि इंग्लंडकडून खेळला. चार्ली ऑस्टिन विटा रचत होता. आणि अलीकडचा मॅकॉले लँगस्टाफ, गेट्सहेडला सहाव्या थरात गोल मारत होता, २०२२-२३ ला नॉट्स काउंटीकडून पाचव्या थरात ४२ गोल, रेकॉर्ड! मग वरच्या लीगमध्ये. टॅलेंट असेल तर रस्ता निघतो. भाऊंचा भाचा ९ गोल मारतोय ५ मॅचमध्ये. निदान ट्रायलला तरी जाऊ द्या. पैसे घालवले तरी आयुष्यभर 'गेलो असतो तर' असं तरी होणार नाही.


धुळेकर, सध्या शेफील्ड

नऊ नंबर, तू दिलेली नावं सगळी बरोबर. आता नकाशा उघड. राइट दक्षिण लंडनचा, खेळत होता दक्षिण लंडनच्या ग्रिनिच बरोकडे, घेतला दक्षिण लंडनच्या पॅलेसने. पॅलेसच्या माणसाला बघायला जायचं तर शहरातल्या शहरात. वार्डी शेफील्डचा, स्टॉक्सब्रिज शेफील्डजवळ, हॅलिफॅक्स तासाभरावर. ही पोरं एका ट्रायलमध्ये कोणाला सापडली नाहीत. वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात गोल करत राहिली, आणि प्रत्येक वेळी पाच-पन्नास माणसं ते पाहत होती, त्यातलं एखादं माणूस वरच्या क्लबातल्या कोणाला तरी ओळखत होतं. तीच खरी शिडी. ट्रायल म्हणून जे विकतात ते म्हणजे भाड्याचं मैदान, दोन जुनी जाळी आणि हातात पाटी घेतलेला एक माणूस. इथे माझ्या डोळ्यांसमोर दोन पोरं अशी आली होती, एक पंजाबकडचा, एक घानाचा. आमच्या गेटवर पत्ता विचारत होती. त्यांना सांगितलेला 'क्लब' म्हणजे पालिकेचं बागेतलं मैदान निघालं. आमच्या सेक्रेटरीने त्यांना चहा पाजला, त्या रात्री आपल्या घरी झोपवलं. पुढे काय झालं कळलं नाही.

लँगस्टाफचंच घे. ४२ गोल केले, नॉट्स काउंटीने १०७ गुण मिळवले, तरी दुसरा नंबर, कारण रेक्सहॅमचे १११. वर सरळ एकच क्लब जातो, दुसरा प्लेऑफमधून. शेवटी वेम्ब्लीला पेनल्टीवर सुटले. वर्षभर रेकॉर्ड मोडूनही इतकं अरुंद दार. आणि 'गेलो असतो तर' म्हणतोस, ते चार लाख तुझे आहेत का?


पेठेतला, कोल्हापूर

थोडं विषयांतर. धुळेकरांचं वाचून वाटलं हे तर आमच्या पेठेचंच वर्णन. आमच्याकडे पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बहुतेक तालमीची नावं, मूळ कुस्तीची, पण शाहू स्टेडियमवर उतरतात ती फुटबॉल खेळायला. आमचा स्ट्रायकर सकाळी एमआयडीसीत फाउंड्रीत, दुपारी साहेबाला काहीतरी थाप मारून मैदानात. बघायला जेवढी माणसं येतात तेवढी तुमच्या १८६ च्या कैक पट. हे सांगताना छाती फुगते, क्षमा असावी. आमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून, लहानपणीच निवड होऊन.

भाऊ, भाच्याला हंगामात आठ दिवस इकडे पाठवा. ट्रायल-बियल नाही, नुसत्या मॅची बघू दे. राहायची सोय माझ्याकडे. तांबडा-पांढरा रस्सा फुकट. एसटीचं भाडं तेवढं तुमचं.


पीटीच्या मॅडम

मी नंदुरबार जिल्ह्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते, त्या इथे कोणी बोललं नाही.

एक, त्या माणसाचं पूर्ण नाव घ्या आणि फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांच्या यादीत शोधा. २०२३ पासून एजंटाला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि ती यादी कोणालाही बघता येते. नाव नसेल तर तो एजंट नाही. असलं तरी व्हिसाचं धुळेकर म्हणाले ते खरंच आहे. दुसरं, मुलाची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत खेळाडू म्हणून नोंदणी झालीय का? परदेशातला खरा क्लब सगळ्यात आधी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाताना लागणाऱ्या कागदाबद्दल विचारतो. ज्याला हा शब्दही माहीत नाही तो कुठला क्लब आणणार? आणि भरलेल्या १५ हजारांची पावती, फोनपेचा स्क्रीनशॉट, सगळे मेसेज जपून ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा. लाज वाटून गप्प बसू नका, माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी तेच केलं आणि मग त्याच माणसाने गावातल्या अजून दोघांना गाठलं.

आता मुलाचं. तुम्ही स्वतः रेल्वेत आहात आणि तुमच्या डोक्यात खेळाडू कोटा आला नाही याचं नवल वाटलं! रेल्वेचा फुटबॉल संघ संतोष ट्रॉफी ही राष्ट्रीय स्पर्धा खेळतो, पूर्वी जिंकलेलाही आहे. पण तिथे स्पर्धेतले ९ गोल सांगून चालत नाही. राज्याकडून किंवा विद्यापीठाकडून खेळल्याचा कागद लागतो, आणि वयाची अट साधारण १८ ते २५. मुलगा वीस वर्षांचा आहे, म्हणजे वेळ आहे पण फार नाही. आयटीआय झालाय, बारावी असेल किंवा मुक्त शिक्षणातून करून घेतली असेल तर कॉलेजात नाव घाला. जळगावच्या आपल्या विद्यापीठाचा संघ निवडतात तेव्हा स्ट्रायकर खरोखरच कमी असतात. हे मी निवडीच्या दिवशी मुलं घेऊन जाते म्हणून सांगते. मुली तर त्याहून कमी, पण तो वेगळा धागा होईल.

आणि कृपा करून त्याला मे महिन्यात चार वाजता पळू देऊ नका. सहानंतर.


लोकोशेडवाला, भुसावळ

सगळ्यांचे आभार. काल रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. ताई, दाजी, भाचा. बायकोने भरीत-पुरी केली, कारण उपाशीपोटी हा विषय निघाला असता तर भांडण नक्की होतं. मॅडम, तुमचं म्हणणं मला झोंबलं. बावीस वर्षं शेडमध्ये काढली, आमच्याच सेक्शनला एक हॉकीच्या कोट्यातला गडी आहे, रोज डबा सोबत खातो. डोक्यात आलं नाही ते नाहीच.

त्या माणसाचं नाव यादीत नाही. भाच्यानेच शोधलं, तीन प्रकारे स्पेलिंग करून. मग त्याने माझ्यासमोर त्याला फोन लावला आणि व्हिसा कोणता ते विचारलं. समोरून आलं, 'ते तिथे गेल्यावर होतं.' पोरगं काही बोललं नाही, फोन ठेवला आणि भरताची वाटी पुढे ओढली. १९३० ला तक्रार केली आहे. पंधरा हजार येतील असं वाटत नाही.

धुळेकर भाऊ, तुमचं लिहिलेलं त्याला दिलं वाचायला. वर गच्चीवर घेऊन गेला. मला वाटलं वार्डीवर वाद घालेल, तीस पौंडांवर काहीतरी विचारेल. खाली आला आणि म्हणाला, 'मामा, त्या बॉयलरवाल्याचा गुडघा कोणता? डावा का उजवा?' मी म्हटलं मला काय माहीत. म्हणून इथे विचारतो.

बारावी त्याची झालेली नाही. फॉर्म कधी निघतात ते कोणाला माहीत असेल तर सांगा.


धुळेकर, सध्या शेफील्ड

डावा. मारतो उजव्याने, त्यामुळे वजन सगळं डाव्यावर येतं. मागच्या मंगळवारी बाकावर होता, शेवटची पंधरा मिनिटं उतरला. एकदा पळाला, एकदा थांबला. गोल नाही. प्रेक्षक १४१, थंडी फार होती.